फाटकातला हवालदार

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं की तिहोमिर बाहेर जातो आणि काहीतरी विकत घेऊन येतो. ही त्याची जुनी खोड आहे. सासूबाई वारल्या तेव्हा त्याने शिवणयंत्र आणलं, आणि घरात शिवण कुणालाच येत नव्हती. मुलगी लग्न करून व्हिएन्नाला गेली तेव्हा अख्खं डुक्कर मावेल एवढा मोठा फ्रीज आणला. त्यात आजतागायत भाजलेल्या ढोबळ्या मिरच्यांखेरीज काही गेलेलं नाही. त्यामुळे यंदा शरद ऋतूत यागोदा स्वयंपाकघरात कोबी चिरता चिरता रडायला लागली, आणि कोबी चिरताना कुणी रडत नसतं हे ध्यानात येऊन तिहोमिरने टोपी उचलली, तेव्हा तिने डोळे पुसायचे सोडून आधी विचारलं, "कुठं निघालास?"

"येतो जरा पाय मोकळे करून," तो म्हणाला.

पाय हा शब्द त्या घरात जपून वापरावा लागतो. बाहेरच्या खोलीतून लगेच सासरेबुवांचा आवाज आला, "जनरल निघाले वाटतं मोहिमेवर."

सासरेबुवा म्हणजे वुकाशिन. वय ऐंशीच्या पुढे, मिशी भरघोस, जीभ तिखट. उन्हाळा संपताना आपल्या दुब्रावा गावच्या बागेत ते आलुबुखाराच्या झाडावरून पडले. या वयात झाडावर कशाला चढलात, असं डॉक्टरांनी विचारलं तर म्हणाले, फळं वर होती म्हणून. कमरेचं हाड मोडलं, ते डॉक्टरांनी जोडलं, आणि बजावून सांगितलं की नवं वर्ष लागेपर्यंत बसायचं नाही. पडून राहायचं, फार तर कुबड्यांवर चार पावलं टाकायची. तेव्हापासून ते आरिल्येला लेकीकडे, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांच्या घरात, बाहेरच्या कोचावर आडवे होते आणि तिथून जावयावर नजर ठेवून होते.

आता यागोदा का रडत होती, ते. मित्रोव्दान जवळ आला होता. मित्रोव्दान म्हणजे संत दिमित्रीचा दिवस, वुकाशिनच्या घराण्याच्या देवाचा सण. त्या दिवशी दुब्रावाच्या घरात मेणबत्ती लागते, पाद्री येऊन सणाचा पाव कापतो, पाहुणे न बोलावता येतात, आणि घरधनी सकाळपासून रात्रीपर्यंत उभा राहून सगळ्यांचं बघतो. घरधनी त्या दिवशी बसत नाही. बसला तर तो पाहुणा. आणि मेणबत्ती ज्याच्या हातून लागते, घर त्याचं, हे काही कुठे लिहिलेलं नसतं, पण सगळ्यांना ठाऊक असतं. यागोदा रडली त्याच दिवशी वुकाशिनबाबांनी जेवताना सहज सांगून टाकलं होतं की मला काही जाता येत नाही, तेव्हा यंदा मेणबत्ती ग्वोझ्देन लावेल.

ग्वोझ्देन त्यांचा पुतण्या. घर बाबांच्या घराला लागून, मान बैलासारखी, लष्करात रणगाड्यावर नोकरी झालेली, दारात ट्रॅक्टर. वाईट माणूस नव्हे. पण एकदा त्याच्या हातून मेणबत्ती लागली की पुढल्या वर्षीही त्याच्याच हातून लागणार, आणि यागोदा आपल्याच माहेरी आपल्याच बापाच्या सणाला पाहुणी म्हणून जाणार. एवढ्यासाठी ती रडत होती, आणि ते बापाला सांगायची तिची छाती नव्हती.

बाबांनी जावयाचं नाव का घेतलं नाही, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. तिहोमिर विशीत असताना त्याला लष्कराचं बोलावणं आलं. त्या काळी पोरगा लष्करात निघाला की त्याची पाठवणी लग्नासारखी होत असे. तशी ती झाली. अंगणात भाड्याचा तंबू, भाजलेली डुकरं, वाजंत्री, दुब्रावापासून आरिल्येपर्यंतचे पाहुणे, आयाबायांची रडारड, खिशात कोंबलेले आहेर. बापाने रकियाचं, म्हणजे आलुबुखाराच्या घरगुती दारूचं, जुनं पिंप फोडलं. आणि तिकडे छावणीतल्या डॉक्टरने पोराला अनवाणी उभं करून खाली पाहिलं आणि सांगितलं की पाय सपाट आहेत, हा माणूस पहाऱ्यावर उभा राहू शकणार नाही, परत पाठवा. तिहोमिर परत आला तेव्हा तंबूवाल्याने तंबूही सोडवला नव्हता आणि घरात अजून पाठवणीचंच उरलेलं जेवण चाललं होतं. तेव्हापासून तो जनरल. "जो लष्कराला चालत नाही तो पोरीलाही चालत नाही," अशी तिकडे म्हण आहे. तरी यागोदाने त्याच्याशी लग्न केलं, आणि वुकाशिनबाबांनी लग्नात त्याच्याकडे न बघता त्याच्या बुटांकडे बघितलं.

पुढे तो संगीतशाळेत अकॉर्डियन शिकवू लागला. ते काम बसून करायचं असतं. बाबा तेही बोलून दाखवायचे.

तर टोपी घालून तिहोमिर इमारतीच्या आवारात आला आणि तिथे बाकावर बसलेल्या शेजाऱ्यांना त्याने अडचण सांगितली. पावसाने दुब्रावाचा रस्ता खचलाय, साधी गाडी ओढ्याच्या पुढे जात नाही, आणि म्हाताऱ्याला आडवं न्यायचंय. शेजाऱ्यांनी एकमुखाने सांगितलं की ट्रॅक्टर घे. दुब्रावात ट्रॅक्टर एकट्या ग्वोझ्देनकडे. ग्वोझ्देनच्या ट्रॅक्टरवर चढून ग्वोझ्देनच्या हातची मेणबत्ती काढून घ्यायला जायचं, हे तिहोमिरला जमण्यातलं नव्हतं. मग कुणी घोडा सुचवला, कुणी हेलिकॉप्टर. एकाने सांगितलं की म्हाताऱ्यालाच समजाव, देव सगळीकडे असतो. तो माणूस सासऱ्याला ओळखत नव्हता.

हे सगळं ऐकत सुभेदार स्तानिमिर आपल्या गॅरेजच्या दारात उभे होते. स्तानिमिर लष्करातून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली, पण लष्कर त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. आवारातल्या गाड्या कुठे कशा लावायच्या हे ते ठरवत, आणि कुणी तिरकी लावली तर काचेवर चिठ्ठी. ते पुढे आले आणि हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, लष्कर जुन्या गाड्या काढतंय. लिलाव आहे. ओढे, नाले, चिखल, काय वाटेल ते. तुमच्यासाठी नाही सांगत मी. त्या माउलीच्या डोळ्यांतल्या पाण्यासाठी सांगतोय."

खिडकीतून आत चाललेलं सगळं आवाराला ऐकू जातं, हे तिहोमिरला तेव्हा कळलं.

लिलावात बऱ्याच गाड्या रांगेत उभ्या होत्या, सगळ्या हिरव्या, सगळ्यांच्या तोंडावर सेवा संपल्याचं दुःख. चांगल्या गाड्या रास्पबेरीचे बागवान घेऊन गेले. शेवटी उरली ती एक रुग्णवाहिका. ताडपत्रीचं छप्पर, सहा चाकं, बाजूला लाल क्रॉस. ती कुणाला नको होती, कारण तिच्यात रास्पबेरी नेली तर कोण घेणार. तिहोमिरला मात्र ती बघताक्षणी पटली. आडवं माणूस न्यायला रुग्णवाहिकेहून चांगलं काय असणार, असा साधा हिशेब त्याने केला, आणि आयुष्यात जे हिशेब साधे वाटतात तेच पुढे नाकी नऊ आणतात, याचा त्याला अजून अनुभव यायचा होता. म्हणजे आलेला होता, पण तो विसरला होता.

घरी आणताना कळलं की लष्कराने स्ट्रेचर काढून घेतलेत, आणि आतला हीटर एकदा सुरू झाला की बंद होत नाही. वरून गरम वारा, ताडपत्रीच्या फटींतून थंड वारा. यागोदा जगात दोन गोष्टींना भिते, देवाला आणि घरात आरपार वाहणाऱ्या वाऱ्याला, आणि देवाशी तिचं निदान बोलणं तरी होतं. तिने गाडीत डोकं घातलं, मानेला हात लावला आणि सांगितलं की या वाऱ्याने बाबा दुब्रावाला पोचायच्या आत न्यूमोनियाने जातील. आवारातल्या लोकांनी मात्र रीतीप्रमाणे नव्या गाडीबद्दल रकिया वसूल केली, चाकावर थोडी ओतली, आणि पुन्हा सल्ले द्यायला बसले. सुभेदारांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, बॉनेटवर थाप दिली आणि नाव ठेवलं, हवालदार. वुकाशिनबाबांना कोचावरून खिडकीतून गाडी दिसत होती. ते म्हणाले, "चला. या घरात एकाची तरी नोकरी पुरी झाली."

त्यानंतर हवालदार सुभेदारांचा झाला. तिहोमिर फक्त मालक होता. सकाळी शाळेत जाताना बघावं तर सुभेदार गाडीखाली, संध्याकाळी यावं तर गाडीवर. त्यांनी तिला लष्करी शिस्तीत उभं करायचं ठरवलं होतं. दोन्ही बाजूंना डिझेलच्या डब्यांसाठी आणि फावड्यांसाठी लोखंडी कड्या पाहिजेत, नियमात आहे, म्हणून त्यांनी त्या बसवल्या, आणि हलू नयेत म्हणून वेल्डिंग केल्या. स्ट्रेचरच्या जागी जुनी दारं फळीसारखी टाकून तीही वेल्डिंग केली. तिहोमिरने एकदा भीत भीत विचारलं की हे काढायची वेळ आली तर? सुभेदार म्हणाले की लष्करात काढायची वेळ येत नाही.

घोडं खरं अडलं ते नोंदणीत. आधी लाल क्रॉस पुसा, खासगी गाडीवर चालत नाही. तिहोमिरने हिरवा रंग मारला, खालून क्रॉस गुलाबी होऊन वर आला. पुन्हा रंग मारला, मग क्रॉस फुगीर दिसू लागला. शेवटी तिथल्या माणसाने डोळे बारीक करून तो दिसत नसल्याचं मान्य केलं. मग खिडकीपलीकडच्या बाईंनी जुने लष्करी कागद उघडले आणि चष्मा वर केला. कागदांप्रमाणे या गाडीत चालक एक, मदतनीस एक आणि पडलेले दोन. मागे बसायची जागा कागदावर नाहीच.

तिहोमिरने विचारलं की मग माझ्या बायकोने मागे बसायचं असेल तर? बाईंनी सांगितलं की बसायचं असेल तर बेलग्रेडहून तज्ज्ञाचा दाखला आणा, बाकडी बसवा, बाकड्यांचा दाखला आणा. आणि मित्रोव्दानच्या आत? बाईंनी चष्मा खाली केला. मग कनवाळूपणाने म्हणाल्या, "पडून न्या की हो."

मित्रोव्दानच्या सकाळी बाबा कुबड्यांवर गाडीपर्यंत आले आणि फळीवर आडवे झाले. यागोदाने त्यांच्यावर तीन पांघरुणं घातली, मफलर गुंडाळला, कानांत कापूस घातला. दुसऱ्या फळीवर ती स्वतः सणाचा पाव छातीवर धरून पडली, एका हातात मेणबत्ती. पायाशी गव्हाचा गोड प्रसाद, कोबीच्या पानांतले खिम्याचे गोळे, भाजलेलं डुक्कर. पुढे तिहोमिर चालक आणि सुभेदार मदतनीस, तेही छातीवर पदकं लावून. हीटर पेटलेला.

बाहेर पडण्याआधी बाबांनी एकच अट घातली. शहरात मला कसंही न्या, पण माझ्या फाटकातून मला कुणी खांद्यावर न्यायचं नाही. "त्या फाटकातून माणूस खांद्यावर एकदाच जातो, आणि तेव्हा तो बाहेर जात असतो," ते म्हणाले.

गावाबाहेर पोलिसाने हात केला. कागद बघितले, मागचा पडदा उचलला, आणि आत डोकावला. मग त्याने टोपी काढली. बाबांनी कानातला कापूस काढून सांगितलं की टोपी घाल, जिवंत आहे मी.

"आजोबांना काय झालंय?"

तिहोमिरने कंबर मोडल्याचं सांगितलं.

"आणि बाईंना?"

"मला काही झालं नाही," यागोदा पाव सांभाळत म्हणाली. "मी कागदोपत्री पडलेय."

पोलिसाने तिच्या हातातली मेणबत्ती बघितली, दिवस कोणता ते त्याला आठवलं, आणि आपण आज कामावर असल्याचंही आठवलं. त्याने प्रसादाचा एक चमचा घेतला, छातीवर क्रॉसची खूण केली आणि जपून जा म्हणाला. एवढं सरळ काहीतरी घडल्याने तिहोमिर उलट अस्वस्थ झाला. वाटभर तो घड्याळ बघत होता, आकाश बघत होता, आरशात बाबांना बघत होता. बाबा छप्पर बघत होते.

आणि हवालदाराने मात्र कमाल केली. खचलेला रस्ता त्याने असा ओलांडला जसा काही तिथे रस्ताच आहे. ओढ्यात पाणी चाकांच्या वर आलं, यागोदाने देवाचं नाव घेतलं, आणि गाडी पलीकडे निघाली. चढावर चिखल नुसता लोण्यासारखा होता, त्यातूनही ती गुरगुरत वर आली. समोर वुकाशिनबाबांचं घर दिसलं, धुराडं, अंगण, ओसरीवर टेबलं मांडलेली आणि मधोमध ग्वोझ्देन. तिहोमिरची छाती फुगली. तीस वर्षांत पहिल्यांदा तो दुब्रावात मान वर करून शिरत होता.

फाटकापाशी त्याने ब्रेक लावला. फाटकाचे दोन ओक लाकडाचे खांब बाबांच्या वडिलांनी रोवलेले. डावीकडे कडा, खाली ओढा. उजवीकडे डुकरांचं खुराडं. बाबांनी मागून सांगितलं की गवताची गाडी जाते त्यातून, तुझी का नाही जाणार. सुभेदारांनी कागदात रुंदी बघितली होती, ती बसत होती.

"पुढे," सुभेदार म्हणाले.

तिहोमिरला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी लष्करी हुकूम दिला होता, आणि त्याने तो पाळला.

गाडी अर्धी आत गेली आणि थांबली. आधी कर्र झालं, मग काहीच नाही. सुभेदारांनी नियमाप्रमाणे बसवलेल्या लोखंडी कड्या दोन्ही बाजूंनी खांबांच्या पलीकडे जाऊन अशा अडकल्या होत्या की पुढे जावं तर कड्यांतले डबे अडत, मागे यावं तर कड्या. कागदातली रुंदी बरोबर होती. कड्या कागदात नव्हत्या. सुभेदारांनी कागद पुन्हा उघडले. मग मागून बाबा म्हणाले, "पोचलो का?"

ग्वोझ्देन ओसरीवरून उठून आला, सगळं बघून त्याने ट्रॅक्टरने ओढायचं सुचवलं. बाबांनी सांगितलं की माझ्या बापाच्या खांबाला धक्का लागला तर बघा. मग कड्या कापायच्या ठरल्या. पण मित्रोव्दान हा पंचांगातला लाल दिवस, त्या दिवशी कुऱ्हाड, करवत, काही चालत नाही. तोवर पाहुणे जमायला लागले होते आणि त्यांच्यात वाद पेटला. एकाचं म्हणणं, नट फिरवणं हे काम नव्हे, पाना म्हणजे काही कुऱ्हाड नव्हे. एका म्हातारीने सांगितलं की लोखंड ते लोखंड, तिच्या दिराने मित्रोव्दानला सायकलची साखळी लावली तर त्याची गाय आटली. हे ऐकल्यावर पान्याचा विषय तिथेच मिटला. शिवाय कड्या वेल्डिंग केलेल्या होत्याच. उचलून नेतो म्हणावं तर बाबांची अट. आणि कुबड्यांवर एवढं चिखलाचं अंगण चढणं त्यांना शक्य नव्हतं.

आता अशी परिस्थिती झाली की घराला जायची वाट एकच, आणि ती हवालदारातून. गाडीचं मागचं दार गल्लीत, पुढची दोन दारं अंगणात. सणाचे कपडे घातलेली माणसं कडा उतरून किंवा खुराड्यातून थोडीच जाणार. पहिल्यांदा ती म्हातारी मागून आत चढली, बाबांच्या फळीपाशी वाकून म्हणाली, "सण सुखाचा होवो, घरधनी," आणि पुढच्या सीटवरून अंगणात उतरली. मग दुसरा चढला. मग रांगच लागली. सुभेदार अंगणातल्या दारापाशी उभे राहून उजवीकडून एकेक सोडू लागले. पदकं लावल्याचं त्यांचं सार्थक झालं. यागोदा पाव आणि गोळ्यांची पातेली घेऊन पुढून उतरली आणि स्वयंपाकघरात गेली. तिहोमिर मागच्या पायरीजवळ, आत, दोन फळ्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत राहिला.

त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तिथे बसायला जागाच नव्हती, म्हणून तो उभा राहिला. चढणाऱ्याला हात द्यायचा, म्हातारी असेल तर उचलायचं, प्रसादाचा चमचा, रकियाचा पेला, रिकामा पेला परत, चमचा पाण्यात, बाबांचं पांघरूण सारखं करायचं, बाबांना घोट पाजायचा, पुढच्याला हात. नवे काळे बूट चावायला लागले तेव्हा त्याने ते काढून फळीखाली सारले आणि मोज्यांवर उभा राहिला. शेजारच्या गावांतले लोक आले, दरवर्षी येणारे आले, आणि फाटकात गाडी अडकल्याची बातमी कळल्यावर कधीच न येणारेही आले. जो तो जनरलला काहीतरी बोलून जात होता. कुणी विचारलं की हा पहारा किती वाजता सुटतो. कुणी म्हणालं, अखेर लष्कराने घेतलं म्हणायचं तुला. त्याच्या मनात सारखं एकच चाललं होतं, पाद्री कधी येणार, आणि आला तर मेणबत्ती कुणाच्या हातात जाणार. पडलेल्या माणसाला तर ती लावता येणार नाही. पाव पाद्रीबरोबर उभं राहून फिरवायचा असतो. ओसरीवरून ग्वोझ्देनचा आवाज येत होता, बसा, बसा, घ्या, आणि तो टेबलाच्या अग्रभागी बसून डुकराचा कान चावत होता. हे सगळं करून आपण म्हाताऱ्याला ग्वोझ्देनच्या दारात नेऊन सोडलं, एवढंच झालं, असं तिहोमिरला वाटलं आणि रडू यायच्या बेताला आलं. पण हातात पेला होता आणि पुढचा पाहुणा पायरीवर होता.

पाद्री आला तेव्हा उन्हं उतरली होती. सकाळपासून घरोघर फिरून आणि घरोघर पेला घेऊन तो थकला होता. झगा उचलून तो मागून चढला, अवतीभवती बघितलं, आणि सणांत याहून विचित्र काहीतरी बघितलेलं असावं तसा शांतपणे म्हणाला, "जिथे घरधनी, तिथे सण. पाव आणा."

यागोदा पाव आणि मेणबत्ती घेऊन आली. पाहुणे दोन्ही बाजूंना जमले. ग्वोझ्देन तोंड पुसत ओसरीवरून उतरला, पुढच्या सीटवर गुडघा टेकून आत वाकला आणि त्याने मेणबत्तीसाठी हात पुढे केला. यागोदाने ती सोडली नाही, आधी बापाकडे बघितलं. ताडपत्री फडफडत होती.

"तू बस, ग्वोझ्देन," वुकाशिनबाबा म्हणाले.

"काका, कुणीतरी उभं राहायला पाहिजे ना."

"म्हणून म्हणतोय, तू बस. सकाळपासून बसलायस, तसाच बस." त्यांनी मफलर खाली ओढला. "इथं पडून मला माणसांची तोंडं दिसत नाहीत. नुसते पाय दिसतात. अख्खं गाव माझ्या नाकासमोरून गेलं आज, आलं आणि गेलं. एकच जोडी दिवसभर इथं आहे. मोजे फाटलेत, पण आहे." मग जावयाकडे न बघता, त्याच्या पायांकडे बघत ते म्हणाले, "मेणबत्ती त्याच्याकडे दे."

तिहोमिरने काडी ओढली, वाऱ्याने विझली. दुसरी ओढली, तीही विझली. मागून पुढे वारा आरपार वाहत होता, वरून हीटर. यागोदा रडत होती आणि रडता रडताच सांगत होती की तरी मी म्हणत होते, या वाऱ्याने सत्यानाश होणार. तेव्हा ग्वोझ्देनने सीटवरून आत येऊन आपला कोट उघडला आणि त्या बैलासारख्या छातीने सगळी पुढची बाजू झाकून टाकली. मागे दोन म्हाताऱ्यांनी पदर केल्यासारख्या आपल्या शाली धरल्या. मग मेणबत्ती लागली. तिहोमिरने पाद्रीबरोबर पाव फिरवला, त्यावर वाइन ओतली, पाद्रीने तो कापला, आणि दोघांनी त्याचं चुंबन घेतलं.

अंधार पडता पडता एक उशिराचा पाहुणा आला, पलीकडच्या टेकडीवरचा. तो पायरी चढला आणि रीतीप्रमाणे फळीपाशी वाकून म्हणाला, "सण सुखाचा होवो, घरधनी."

बाबांनी पांघरुणातून हात काढला आणि अंगठ्याने वर दाखवलं. "तिकडं बोल. मी कागदोपत्री पडलोय."

शेवटचा पाहुणा उतरून गेला तोवर तिहोमिर बसला नाही. मग तो यागोदाच्या रिकाम्या फळीवर टेकला आणि दोन्ही पाय हातांत धरून बसला. ते सुजले होते. ओसरीवर सुभेदार आणि ग्वोझ्देन कड्यांवरून एकमेकांना समजावत होते, आणि यागोदा भांडी घासत गाणं म्हणत होती. बाबांना वाटलं की तो झोपला, म्हणून त्यांनी हळूच विचारलं.

"पाय कसे आहेत?"

"सपाट," तिहोमिर म्हणाला.

म्हाताऱ्याने पांघरूण वर ओढून घेतलं. मेणबत्ती अजून जळत होती.

"असू देत," ते म्हणाले. "जमिनीला जास्त टेकतात."